तिसऱ्या आवाजाकडे कान ठेवा

डोळे उघडे ठेवूनच या. पायांखाली तांबडी माती आहे, दोन्ही बाजूंना कपाशी. निंदणी उरकली आहे, वेचणीला अजून अवकाश आहे. साल १९२६, अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य, त्यातली चॉक्टॉ काउंटी. हातातली कामं थोडी सैल झाली की या मधल्या दिवसांत इथल्या लाकडी चर्चमध्ये गाण्याची शाळा भरते. उघड्या खिडकीतून तुम्हाला आत पाहता येतंय. बाकांवर शेतकरी बसले आहेत, त्यांच्या बायका आहेत, पोरंसोरं आहेत. फळ्यावर स्वर लिहिले आहेत आणि प्रत्येक स्वराचा आकार वेगळा आहे. त्रिकोण दिसला की 'डो', हिऱ्यासारखी आकृती म्हणजे 'मी', गोल म्हणजे 'सोल', चौकोन म्हणजे 'ला'. असे एकंदर सात आकार. आधी सगळे जण फक्त स्वरांची नावं गातात, आपल्याकडे सरगम घोटतात तसं, आणि मगच शब्दांना हात घालतात.

ज्याला धड अक्षरओळख नाही असा माणूससुद्धा या आकारांच्या आधारावर थोड्याच दिवसांत छापील पुस्तकातलं चार आवाजांचं गाणं वाचून गाऊ लागतो. संगीताचं इतकं स्वस्त आणि इतकं खोलवर पोचलेलं शिक्षण फार थोड्या समाजांना मिळालं आहे.

शिकवणाऱ्यांपैकी एकाचं नाव वार्डामन रे. त्याच्यासोबत गाणाऱ्यांत दोन सख्खे भाऊ आहेत. मोठा डॉइल पंधराच्या आसपासचा, धाकटा जेम्स अवघा सात वर्षांचा. आडनाव ब्लॅकवूड. वडील एमेट आणि आई कॅरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करतात. घरात पैसा नाही, पण देवाची गाणी म्हणायला पैसा लागत नाही. जेम्सकडे नीट बघून घ्या. पुढची पंचाहत्तर वर्षं हा मुलगा गाणार आहे.

इथून पुढे जाण्याआधी चार आवाजांची रचना समजून घ्यायला हवी. आपले कान एका वेळी एकाच सुरावर वाढलेले. मुख्य गायक गातो तीच चाल साथीदार उचलतात, टाळकरीही तीच धरतात. इथे चार माणसं एकाच क्षणी चार वेगळे स्वर गातात. 'लीड' चाल सांभाळतो. 'टेनर' त्याच्या वर तरंगतो. 'बेस' तळाला असतो, त्याच्या खर्जाने बाकाची फळी थरथरते. आणि उरलेली जागा, वरून तिसरी, 'बॅरिटोन'ची. बाकीच्या तिघांनी आपापले स्वर घेतल्यावर जो शिल्लक राहतो तो त्याचा. त्याची ओळ एकटी ऐकली तर तिला चाल म्हणवत नाही. उगाच एक पायरी चढल्यासारखी, दोन उतरल्यासारखी वाटते. श्रोते लीडसाठी रडतात, टेनरसाठी टाळ्या देतात, बेससाठी आरोळ्या ठोकतात. बॅरिटोन घसरला तर काहीतरी बिघडलं एवढंच त्यांना कळतं. काय ते सांगता येत नाही. माझ्या मते अशा चौघांच्या संचाची, म्हणजे क्वार्टेटची, खरी कसोटी हाच आवाज. आजच्या सगळ्या प्रवासात तुम्ही त्याचाच माग काढा.

आता आठ वर्षं पुढे या. १९३४. मंदीने दक्षिणेतली खेडी पिळून निघाली आहेत. थोरला भाऊ रॉय धर्मोपदेशक झाला होता. आता बायकामुलांसह तो गावाकडे परतला आहे. डॉइल आणि जेम्स आहेतच. चौथा कोण? रॉयचा मुलगा आर. डब्ल्यू. नात्याने पुतण्या, पण काका जेम्सपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. रॉय टेनर, जेम्स लीड, डॉइल बेस, आणि आर. डब्ल्यू. बॅरिटोन. नाव ठरतं ब्लॅकवूड ब्रदर्स. याच वर्षी रॉयच्या घरी आणखी एक मुलगा जन्मतो, सेसिल. हे नाव लक्षात ठेवा.

चौघे गातात तेव्हा जवळ जाऊन त्यांच्या तोंडांकडे बघा. 'आ' म्हणताना चौघांचे जबडे सारखेच उघडतात, शब्दाचं शेवटचं व्यंजन चौघेही एकाच क्षणी सोडतात. परक्यांना हे वर्षानुवर्षं घोटावं लागतं. एकाच जेवणाच्या टेबलाशी बोलायला शिकलेल्यांना ते अर्धंअधिक फुकट मिळतं. गॉस्पेलच्या, म्हणजे या देवाच्या गाण्यांच्या, दुनियेत भावांचे इतके संच का निघाले, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे.

मग रेडिओ येतो. आधी जवळच्या कॉसिअस्को गावाचं छोटं केंद्र, नंतर राज्याची राजधानी जॅक्सन, नंतर लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट. स्टुडिओत एकच मायक्रोफोन. आवाजांचा तोल साधायला बटणं नाहीत, त्यामुळे पायांनी तोल साधायचा. ज्याची ओळ पुढे यायला हवी त्याने अर्धं पाऊल पुढे सरकायचं, बाकीच्यांनी मागे कलायचं. दिवसा कार्यक्रम, संध्याकाळी एखाद्या शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये मैफल, तिकीट काही सेंटांचं, आणि रात्री गाडीतच झोप.

या धंद्याचं गणितही बघून ठेवा. क्वार्टेट पोसत होत्या त्या गीतपुस्तकांच्या कंपन्या. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गच्या जेम्स व्हॉन या प्रकाशकाने १९१० साली पगार देऊन चार गायक गावोगाव धाडले ते आपली पुस्तकं खपावीत म्हणून. डॅलसच्या स्टॅम्प्स-बॅक्स्टर कंपनीने हीच रीत आणखी मोठी केली. व्ही. ओ. स्टॅम्प्सने ब्लॅकवूड बंधूंना आपल्या छत्राखाली घेतलं, पियानोवादक दिला आणि १९४० साली त्यांना थेट उत्तरेकडच्या आयोवा राज्यात धाडलं.

तिथे, शेनॅन्डोआ गावी, तुम्हाला थंडी वाजेल. कपाशी मागे राहिली. इथे मैलोन् मैल मका. रेडिओ केंद्राचं नाव केएमए आणि मालक अर्ल मे, बियाण्यांचा व्यापारी. शेतकऱ्यांनी बी मागवावं म्हणून त्याने हे केंद्र काढलं. त्याच्या सभागृहात प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये प्रचंड मोठी काच आहे. काचेपलीकडे गायक, अलीकडे लांबून आलेली शेतकरी कुटुंबं. गोठ्यातलं काम आटोपता आटोपता लोक हे आवाज ऐकतात आणि टपालाने गीतपुस्तकं मागवतात. दक्षिणेच्या तांबड्या मातीतलं गाणं मक्याच्या मुलखात रुजलं ते असं.

दुसरं महायुद्ध येतं आणि संच विस्कळित होतो. आर. डब्ल्यू. सैन्यात जातो, बाकीच्यांतले काही कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात काम करतात आणि कामाबाहेरच्या वेळात गातात. युद्ध संपल्यावर पुन्हा शेनॅन्डोआ, मग स्वतःच्या ध्वनिमुद्रिका, आणि १९५० साली टेनेसीतलं मेम्फिस. रॉय आणि डॉइल याच सुमारास गाण्यातून बाजूला होतात. चार भाऊबंदांपैकी दोघेच उरतात, लीड जेम्स आणि बॅरिटोन आर. डब्ल्यू. टेनरला येतो बिल शॉ, बेसला बिल लाइल्स. रक्ताच्या नात्याचा संच आता निम्मा परक्यांचा झाला आहे. पण ऐका. फरक सापडतो का? मला नाही सापडत. जे आधी जन्माने मिळालं होतं ते आता कामाने मिळवलं आहे.

मेम्फिसचं एलिस ऑडिटोरियम. दोन सभागृहं पाठीला पाठ लावून, मध्ये सामाईक रंगमंच. आज रात्रभर गाणं आहे. एकामागून एक क्वार्टेट येतील आणि मध्यरात्र केव्हा उलटली ते कुणाला कळणार नाही. बायका हातपंख्यांनी वारा घेताहेत. ब्लॅकवूड मंचावर येतात, एकसारखे सूट, चकचकीत बूट. पियानोवर जॅकी मार्शल. जेम्सचा आवाज चढत जातो आणि तिथे, वरच्या टोकाला, त्याला किंचित रडवेलेपण येतं. लाइल्सचा आवाज पायांतून ऐकू येतो. आता या दोघांना बाजूला सारा आणि मधला आवाज शोधा. हसतमुख, जाडसर बांध्याचा आर. डब्ल्यू. डावीउजवीकडे बघत स्वर भरतो आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि त्याच्यावाचून हे घर उभं राहणार नाही.

इथे सभोवार एकदा नजर टाका. हा विभक्त दक्षिणेचा काळ आहे. काळ्या आणि गोऱ्या माणसांची बसण्याची जागा कायद्याने वेगळी आहे, चर्च वेगळी आहेत, क्वार्टेटही वेगळ्या. आणि तरी मंचावर जे चाललं आहे ते वेगळं ठेवता आलेलं नाही. ब्लॅकवूड बंधूंचं एक गाजलेलं गाणं म्हणजे रथाला खाली उतरायला सांगणारं 'स्विंग डाउन चॅरियट'. ते लोकप्रिय केलं होतं व्हर्जिनियाच्या गोल्डन गेट क्वार्टेटने. ते काळे गायक तोंडानेच ताल धरत, शब्द पुढेमागे सरकवत आणि अवघ्या चार आवाजांतून सबंध वाद्यवृंदाचा भास करत. गोऱ्या क्वार्टेटांनी त्यांच्याकडून भरभरून घेतलं. याच मेम्फिसमध्ये रेव्हरंड ब्रूस्टर यांच्या ईस्ट ट्रिग चर्चमध्ये काळ्या गॉस्पेलचा महापूर वाहतो आहे. ब्लॅकवूड बंधूंवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे सांगतो. ज्यांच्याकडून चाल घेतली त्यांना बसायला वेगळी जागा, ही त्या काळाची लाज आहे, आणि हे संगीत ऐकताना ती विसरता कामा नये.

मागच्या दाराशी एक पोरगा दिसतोय का? तिकिटाला पैसे नसले की त्याला मागून आत सोडणारा एक उंचापुरा बेस गायक आहे, जे. डी. समनर. तो आत्ता सनशाइन बॉइज या दुसऱ्या क्वार्टेटमध्ये गातो. पोरगा ब्लॅकवूड ज्या चर्चमध्ये जातात तिथेच जातो. त्याला क्वार्टेटमध्ये गायचं आहे. सेसिल ब्लॅकवूड ज्यात गातो त्या साँगफेलोज या तरुणांच्या संचात त्याने चाचणीही दिली आणि त्याला नकार मिळाला. लीड छान गातो, पण दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळता येत नाही, असं त्या मुलांचं म्हणणं. त्याचं नाव एल्व्हिस प्रेस्ली.

जून १९५४. न्यूयॉर्क. आर्थर गॉडफ्रीच्या टॅलेंट स्काउट्स कार्यक्रमात टाळ्यांच्या जोरावर विजेते ठरतात आणि ब्लॅकवूड क्वार्टेट त्या रात्री पहिली येते. सारा देश ऐकतो आहे. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या घरातल्या गाण्याला देशभरच्या दूरचित्रवाणीवर मान मिळतो. आरसीए व्हिक्टरसारख्या बड्या कंपनीशी करार आहे, स्वतःचं दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट विमान आहे. लांबलांबचे कार्यक्रम गाठण्यासाठी ते घेतलं, चालवतो आर. डब्ल्यू., शेजारी बसतो लाइल्स. पुढच्या तारखा ठरलेल्या आहेत.

आता मी तुम्हाला जिथे नेणार आहे तिथे यावंसं वाटणार नाही. तरी या.

३० जून १९५४, बुधवार. अलाबामातलं क्लँटन गाव. पीचचा हंगाम आहे आणि गावात पीच महोत्सव. दुपारी ब्लॅकवूड गायले. रात्री अटलांटाच्या स्टेट्समन क्वार्टेटबरोबर मोठा कार्यक्रम आहे. गावाबाहेर छोटी धावपट्टी, तिच्याभोवती लोक जमलेत, मोटारी उभ्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर अंधारात इथूनच उडायचं आहे. पट्टी आखूड आहे. उजेड आहे तोवर एकदा उडून, उतरून अंदाज घ्यावा असं आर. डब्ल्यू. ठरवतो. हे वैमानिकाचं शहाणपण आहे, धाडस नव्हे. लाइल्स सोबत चढतो. गावातला एक तरुणही हौसेने बसतो.

विमान उडतं. वळसा घेतं. उतरायला खाली येतं, जमिनीला टेकतं आणि उसळतं. नाक वर करून ते सरळ आकाशात चढतं. एक क्षण ते तिथेच थांबल्यासारखं दिसतं आणि मग खाली येतं. आग लागते.

जेम्स धावत सुटला आहे. आपल्या पुतण्याला, ज्याच्या शेजारी उभं राहून वीस वर्षं गायला त्या माणसाला बाहेर काढायचं म्हणून तो आगीत शिरणार आहे. स्टेट्समनचा लीड गायक जेक हेस त्याला मागून कवेत धरतो. जेम्स झटतो, जेक सोडत नाही. हे दोघे व्यवसायाने प्रतिस्पर्धी आहेत. एकाच मंचावर एकमेकांवर कडी करण्याचा यांचा नित्याचा खेळ. आज एकाने दुसऱ्याला नुसतं धरून ठेवलं आहे. तिघेही गेले. आर. डब्ल्यू. बत्तीस वर्षांचा होता, मागे पत्नी आणि दोन मुलं.

रात्रभर मोटार मेम्फिसकडे धावते. जेम्स म्हणतो, मी पुन्हा कधीही गाणार नाही.

शुक्रवारी, २ जुलैला, अंत्यविधीला एलिस ऑडिटोरियम भरून जातं. जिथे रात्र रात्र गाणं चाले तिथेच हजारो माणसं निरोपाला आली आहेत. गर्दीत तो मागच्या दाराचा पोरगाही आहे, मैत्रिणीसोबत. सोमवारी, ५ जुलैला, तो याच शहरातल्या सन स्टुडिओत आपलं पहिलं गाजलेलं गाणं ध्वनिमुद्रित करणार आहे.

पुढच्या काही आठवड्यांत जेम्सच्या मनात काय चाललं असेल, त्याच्यात मी तुम्हाला शिरवू शकत नाही. पण काय घडलं ते दाखवू शकतो. क्वार्टेट थांबली नाही. ठरलेल्या तारखा होत्या, पोसायची घरं होती, घरचा माणूस गमावलेली दोन कुटुंबं होती, आणि हे गाणं ज्या श्रद्धेतून आलं ती मृत्यूपुढे गप्प बसायला शिकवत नाही. काहींना ही घाई वाटेल. मला वाटत नाही. जेम्सने शोक बाजूला ठेवला नाही. तो शोकासकट पुन्हा मंचावर उभा राहिला.

बेसच्या जागी आला जे. डी. समनर, तोच मागचं दार उघडणारा. आणि बॅरिटोनच्या जागी? रॉयचा दुसरा मुलगा, आर. डब्ल्यू.चा धाकटा भाऊ सेसिल, वय एकोणीस. क्वार्टेट जन्मली त्याच वर्षी जन्मलेला. पहिल्या वेळी तो काकाच्या शेजारी उभा राहतो ती घटका बघा. भाऊ जिथे उभा राहायचा ती जागा, भाऊ जे स्वर भरायचा ते स्वर, चालीतले उरलेसुरले. तिथे चमकून दाखवायला वाव नाही. भावाच्या नावाने टाळ्या मिळवण्याची सोयही नाही, कारण त्या जागेला टाळ्या नसतातच. आपल्या दुःखासह तिघांच्या आवाजात मिसळून जायचं, एवढंच काम. पुढची सेहेचाळीस वर्षं, २००० साली मरेपर्यंत, त्याचं नाव या क्वार्टेटशी जोडलेलं राहिलं.

सेसिल मोठ्या संचात गेल्यावर साँगफेलोजमध्ये जागा रिकामी झाली, आणि जेम्स नंतर सांगत असे त्याप्रमाणे त्या मुलांनी एल्व्हिसला विचारलंही. तोवर त्याने सनशी करार केला होता.

विमान पुन्हा घेतलं नाही. १९५५ साली समनरच्या कल्पनेतून जुनी बस घेऊन आतली बाकं काढली, झोपायला फळ्या बसवल्या. आज अमेरिकेत गायकांच्या ज्या घरासारख्या बसगाड्या दिसतात त्यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ही एक. १९५७ साली समनर, जेम्स आणि सेसिल यांनी मेम्फिसमध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन सुरू केलं. एकमेकांच्या तारखांवर डोळा ठेवणारे संच तिथे दरवर्षी एका छपराखाली येऊ लागले.

एक शेवटचा थांबा. १५ ऑगस्ट १९५८, मेम्फिस. एल्व्हिसची आई ग्लॅडिस गेली आहे. आता सारं जग त्या मुलाला ओळखतं. सैन्यातून रजा काढून तो आला आहे. आईचा आवडता संच ब्लॅकवूड ब्रदर्स, म्हणून तेच गायला उभे आहेत. मोजकी गाणी ठरली होती. एक संपलं की एल्व्हिस चिठ्ठी पाठवतो, आणखी एक म्हणा. समनरच्या आठवणीप्रमाणे ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक गाणी झाली. ज्याला क्वार्टेटमध्ये जागा मिळाली नव्हती, त्याला आज दुसरं कुठलंच गाणं नको आहे. आणि गाणाऱ्यांत दोघे काका-पुतणे असे आहेत की ज्यांना, आपल्या घरातलं माणूस अचानक कसं जातं, हे ठाऊक आहे.

जेम्स ब्लॅकवूड ३ फेब्रुवारी २००२ रोजी मेम्फिसमध्ये वारला. ब्लॅकवूड ब्रदर्स या नावाने पुढेही क्वार्टेट गात राहिली, त्याचा मुलगा बिली तिच्यात होता.

परत आलात की एवढं करा. १९५४च्या जूनआधीचं त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण आणि त्यानंतरच्या एखाद्या वर्षाचं एक, अशी दोन शोधा. दोन्ही सहज मिळतात. पाठोपाठ लावा. बेसमधला फरक लगेच कळेल; लाइल्स आणि समनर ही दोन निराळी माणसं आहेत. मग दोन्हींत बॅरिटोन ऐका, आधी आर. डब्ल्यू., नंतर सेसिल. पहिल्या वेळी सापडणार नाही. पुन्हा लावा.